स्वतःला पाव्हनं म्हणणारे गृहस्थ

मी रुजू व्हायला गेले त्या दिवशी दवाखान्याच्या दाराबाहेर मला पाच-सात मिनिटं थांबावं लागलं. आत कुणीतरी कुणाची तरी समजूत काढत होतं, आणि अशा वेळी मध्येच शिरणं बरं दिसत नाही.

"ह्ये बगा पाव्हनं," आतला आवाज म्हणत होता, "मागल्या बुधवारी जमलं का न्हाई? जमलं. मग आज बुधवार न्हाई म्हनून जमायचं न्हाई, असं कुटं असतं का? बैल त्योच हाय. खूर त्योच हाय. पट्टी बी तीच हाय."

समोरच्याचं उत्तर ऐकू आलं नाही. पाहुणा फारच खचलेला असावा. मग "हां, चला तर" असं म्हणत पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ गमबूट वाजवत बाहेर आले. त्यांच्या मागून कुणीच आलं नाही. मी मान वाकडी करून आत पाहिलं. टेबल, औषधांचं कपाट, लसी ठेवायचा फ्रिज आणि भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.

"नव्या मॅडम का? या," ते म्हणाले. "मी हितला व्रणोपचारक."

"आत कोण होतं?"

"कुनी न्हाई. मीच हुतो."

एवढं बोलून ते बाहेर खोड्यात उभ्या असलेल्या बैलाकडे गेले आणि त्याचा मागचा पाय उचलून त्याला पट्टी बांधू लागले. पट्टी उत्तम बांधली. बैलाने एकदाही पाय झाडला नाही.

हा जनावरांचा सरकारी दवाखाना तिसगावापासून आत, डोंगराच्या कडेला असलेल्या एका गावात होता. दोन खोल्या, एक लिंबाचं झाड, झाडाखाली जनावर उभं करायचा लोखंडी खोडा. माणसं दोन. मी डॉक्टर आणि ते व्रणोपचारक. जखमा धुऊन पट्ट्या बांधणाऱ्या माणसाला सरकारने हे पदनाम दिलं आहे. गावात ते कुणाच्याच तोंडात बसलं नाही, म्हणून गाव त्यांना पाव्हनं म्हणे. ते स्वतःला पाव्हनं म्हणत, म्हणून गाव म्हणे, असंही काही जण सांगत. मी त्यांना मामा म्हणायचे, पण मनातल्या मनात मीही पाव्हनंच म्हणायचे.

स्वतःला पाव्हनं का म्हणता, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं. ते कापसाचे बोळे करत होते. बोळे करून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, घरच्या मानसाला कुनी धड बोलतं का?"

"म्हणजे?"

"घरच्याला मानूस कसंबी बोलतं. गाढवा, आक्कल हाय का, मेला कुटला. आन् दारात पाव्हना आला की? या, बसा, पानी घ्या. मी पैलं सोताला घरच्यावानी बोलायचो. लई वंगाळ बोलायचो. मग म्हनलं, ह्या मानसाला जरा पाव्हन्यावानी वागवून बगू."

"मग?"

"मग काय. मानूस बरा निघाला."

स्वतःशी बोलताना त्यांना आडपडदा नव्हता. सलाइन लावताना बोलत, मोटारसायकल चालवताना बोलत, रजिस्टर भरताना बोलत. पूर्वी परगावचे लोक त्यांच्याकडे वळून वळून पाहत म्हणे. आता मोबाईल आल्यापासून ती अडचण राहिली नव्हती. कानात काहीतरी घातलं असेल, असं समजून लोक बाजूने जात. एकदा एसटीत शेजारच्या माणसाने त्यांना "तुमचं नेटवर्क लई चांगलं हाय, कोन्त्या कंपनीचं?" असं विचारलं होतं. पाव्हन्यांनी थोडा विचार करून "घरचंच हाय" असं सांगितलं.

त्यांच्या बोलण्याला एक शिस्त होती, ती माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ते स्वतःचं कौतुक कधीच करत नसत. 'तुमच्यासारखा कुनी न्हाई' वगैरे नाही. फक्त घडलेली गोष्ट सांगत. दोरी आणलीय. पाणी गरम हाय. असंच जनावर गेल्या पोळ्याला आलं हुतं, तवा निभावलं. चुकलं तरी तोच सूर. "पाव्हनं, गाठ सुटली. सुटती. परत बांधा."

या शिस्तीमागे दोन मोडलेल्या बरगड्या होत्या. मी यायच्या फार आधी एक माजलेला वळू आडवा पाडायचा होता. पाव्हन्यांनी त्या दिवशी स्वतःला सांगितलं, की पाव्हनं, तुमच्यावानी वळू पाडनारा सात गावांत न्हाई. वळूने त्यांना लिंबाच्या झाडापर्यंत पोचवलं. पुढे दीड महिना ते उताणे पडून होते.

"पडल्या पडल्या इचार केला," ते मला सांगत होते. "सात गावांत कुनी न्हाई, ह्ये मी बघाया गेल्तो का? न्हाई. मग कशाच्या जीवावर बोललो? मॅडम, दुसऱ्याला खोटं बोललेलं खपतं. सोताला बोललं की लगी कळतं. ऐकनारा एकलाच, त्यो बी घरचा."

एकदा खात्याने नगरला सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी आत्मविश्वासाची कार्यशाळा ठेवली. आम्ही दोघं गेलो. व्याख्याते पुण्याहून आले होते. त्यांनी प्रत्येकाला एक छोटा आरसा वाटला आणि आरशात पाहून 'मी सर्वोत्तम आहे' असं तीनदा मोठ्याने म्हणायला सांगितलं. सभागृहात दोनशे माणसं सर्वोत्तम झाली. पाव्हन्यांनी हात वर केला.

"बोला काका."

"सायेब, कशात?"

"काय कशात?"

"सर्वोत्तम. कशात म्हनायचं?"

"एकूणच! आयुष्यात!"

पाव्हन्यांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आमच्या दवाखान्यात माझ्यापेक्षा बरी पट्टी बांधनारा कुनी न्हाई," ते म्हणाले, "पन तिथं मी एकलाच हाय. मॅडमला पट्टी येत न्हाई."

सभागृह हसलं. व्याख्यातेही हसले आणि म्हणाले, की काका, मनातली शंका काढून टाका. पाव्हनं खाली बसले. त्यांना कसलीच शंका नव्हती, हे त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होतं. मला पट्टी येत नव्हती, हेही खरंच होतं. आरसा मात्र त्यांनी दवाखान्यात आणला आणि फ्रिजवर ठेवला. जनावरांच्या डोळ्यांत औषध घालताना उजेड पाडायला तो उपयोगी पडे.

बढतीची परीक्षा ते दोनदा नापास झाले होते. पहिल्यांदा त्यांना अर्ध्या तासात वर्गाबाहेर काढलं, कारण ते प्रश्न वाचून स्वतःला उत्तरं सांगत होते. पर्यवेक्षकांना वाटलं, हे शेजाऱ्याला सांगताहेत. पाव्हन्यांनी खरं ते सांगितलं, त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. त्यांच्या पुढच्या बाकावरचा माणूस मात्र पास झाला. दुसऱ्या वर्षी ते तीन तास तोंड मिटून बसले आणि कोरा पेपर देऊन आले. तिसऱ्या वर्षी अर्जच केला नाही.

"का नाही केला?" मी विचारलं.

"पाव्हनं म्हनलं, ऱ्हाऊ द्या."

हे सगळं मी आता मजेने सांगते आहे, पण त्या दिवसांत मला मजा येत नव्हती. रुजू झाल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून एक कालवड गेली होती. ओला घास खाऊन तिचं पोट फुगलं होतं, तट्ट, नगाऱ्यासारखं. अशा वेळी डाव्या कुशीत जाड सुई खुपसून हवा बाहेर काढतात. पुस्तकात आकृती होती, कॉलेजात मी ते करताना पाहिलं होतं. सुई माझ्या हातात होती. मी जागा चाचपली, पुन्हा चाचपली, तिसऱ्यांदा चाचपली. जागा तीच होती. चौथ्यांदा चाचपताना कालवड खाली बसली आणि तिने मान टाकली.

मालक म्हातारे होते. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. कालवडीच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्यानंतर माझे हात कापायला लागले. इंजेक्शन देताना नाही, पण जिथे ठरवायचं असे तिथे. अवघड जनावर आलं की मी म्हणायचे, तिसगावला न्या, तिथे मोठे डॉक्टर आहेत. लोक नेत. टेम्पो करावा लागे, जनावराचे हाल होत, पण माझ्यावर काही येत नसे. पाव्हनं हे सगळं पाहत होते आणि काही बोलत नव्हते. म्हणजे माझ्याशी बोलत नव्हते.

एक दिवस मी असंच एका शेळीला तिसगावला पाठवलं. तिचं फक्त गळू होतं. शेळी गेल्यावर पाव्हन्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली.

"मॅडम, तुमी सोताशी काय बोलता?"

"मी नाही बोलत."

"बोलता. मला ऐकू येत न्हाई, पन शेळीला आलं. ती आधीच टेम्पोकडं बघाया लागली हुती."

ते उठले नाहीत. त्यांना घाई नव्हती, बाहेर कुणी आलेलं नव्हतं. शेवटी मी सांगितलं. म्हटलं, आत एक बाई बोलत असते. तुला येत नाही म्हणते. तुझ्याकडून होणार नाही म्हणते. तू एक मारलीस, आता दुसरी मारशील म्हणते. पाव्हनं जखमेचं वर्णन ऐकावं तसं ऐकत होते.

"रोज म्हनती?"

"रोज."

"शिकलेली हाय का ती?"

"कोण?"

"ती आतली बाई. जनावरातलं कळतं का तिला?"

"माझ्याएवढंच कळत असणार."

"मग तिला इचारा की. म्हनावं, तुला येत न्हाई म्हंजी नेमकं काय येत न्हाई? नाव सांग. सुई येत न्हाई का हात घालाया येत न्हाई? ती एक कालवड बोलती, ते खरं हाय. घडलंय ते. पन त्याच महिन्यात गाभण शेळी सोडवली, ती का बोलत न्हाई? अर्धं रजिस्टर वाचून दावनारी बाई कामाची न्हाई."

हे बोलून ते उठले आणि बाहेर जाऊन बादल्या धुऊ लागले. मला वाटलं होतं की मला एकदम हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी मी खरोखरच रजिस्टर काढून वाचलं. कालवडीच्या नोंदीच्या वर आणि खाली माझ्या अक्षरात बऱ्याच नोंदी होत्या. त्यातली जनावरं जिवंत होती. ती मी आजवर वाचलीच नव्हती.

मग जानेवारी आला. आमच्या भागात दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, बायका, पोरं, कोंबड्या, सगळं श्रीगोंद्याकडच्या नाहीतर आणखी लांबच्या कारखान्यांवर. मागे म्हातारी माणसं राहतात, शाळा राहते आणि ज्यांचं इथेच काहीतरी अडकलेलं आहे अशा बायका राहतात. रशिदाभाभीची म्हैस अडकलेली होती. भाभीचा नवरा कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायला गेला होता, आणि भाभी गाभण म्हशीसाठी मागे राहिली होती. म्हैस तिने वगार असल्यापासून वाढवलेली. फाट्यावरच्या हॉटेलाला तिचंच दूध जाई, आणि भाभीच्या घरात जे काही स्वतःचं म्हणून होतं ते त्या दुधातून आलेलं होतं.

दुपारी भाभी धावत दवाखान्यात आली. "डॉक्टरीनबाई, चला. सकाळधरनं कळा देतीया, पन पानी बी न्हाई का काई न्हाई. नुसती उठती आन् बसती."

मी गेले. खांद्यापर्यंतचा हातमोजा घातला, तेल लावलं आणि हात आत घातला. चार बोटांच्या पुढे वाट बंद होती. धुणं पिळावं तसा तो मार्ग पिळला गेला होता. गर्भाशयाला पीळ पडला होता. रेडकू आत होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती.

मी तिसगावला फोन लावला. मोठे डॉक्टर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला लसीकरणाला गेले होते. म्हणाले, संध्याकाळशिवाय पोचणार नाही, तोवर थांबलात तर रेडकू जाईल आणि म्हशीचंही सांगता येत नाही, तुम्हीच लोळवा. टेम्पो गावात नव्हता. तो उसाला गेला होता.

हा पीळ सोडवायची रीत सोपी आहे. म्हैस आडवी पाडायची, तिच्या पोटावर लांब फळी ठेवायची, फळीवर माणूस उभा करायचा म्हणजे आतलं रेडकू दाबून जागेवर राहतं, आणि मग म्हशीला पीळ असेल त्याच बाजूने सावकाश लोळवायचं. बाहेरची म्हैस फिरते, आतली पिशवी राहते, पीळ सुटतो. फक्त पीळ उजवा आहे की डावा, हे आधी ओळखावं लागतं. उलट्या बाजूने लोळवली तर पीळ आणखी आवळतो. ते ओळखायला आत घातलेल्या हाताशिवाय दुसरं काही नसतं. तो हात माझा होता.

गोठ्यात आठ-दहा बायका जमल्या होत्या. शाळेतल्या बाई वर्ग सोडून आल्या होत्या. दोन म्हातारे भिंतीला टेकून उभे होते. आतली बाई तर कधीच येऊन बसली होती. तुला कळत नाहीये, ती म्हणत होती. सगळ्यांना दिसतंय, की तुला कळत नाहीये.

पाव्हनं बादली घेऊन माझ्याशेजारी उभे होते.

"मामा, उजवा वाटतोय का डावा, तुम्ही एकदा हात घालून बघता का?"

"मला त्यातलं कळत न्हाई. मी पट्टीवाला," ते म्हणाले. "मॅडम, बोला."

"काय बोलू?"

"खरं हाय तेवढंच. मोठ्यानं."

एवढ्या बायकांसमोर मला लाज वाटली. पण म्हैस पुन्हा कण्हली आणि लाज गेली.

"हात धुतलेत," मी म्हटलं.

"धुतलेत. मीच पानी घातलं."

"म्हैस उभी आहे. तिच्यात ताकद आहे."

"हाय."

"आत... आत घड्या लागताहेत. घड्या वरून खाली जाताहेत." मी डोळे मिटले. "उजवीकडे जाताहेत."

हे पाव्हन्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांनी होकार दिला नाही. मी हात काढला, पुन्हा घातला, पुन्हा घडीवरून बोट फिरवलं. तिसऱ्यांदा चाचपायची इच्छा झाली. ती मी आवरली.

"उजवीकडेच जाताहेत. उजवा पीळ आहे. उजव्या कुशीवर पाडा."

धडधाकट पुरुष नव्हते, म्हणून बायकांनी पदर खोचले. पाव्हन्यांनी कासरा टाकून म्हैस उजव्या कुशीवर पाडली, पाय बांधले. शाळेतल्या बाईंनी शाळेतल्याच एका लांब बाकाची फळी उचकटून आणली. पाव्हनं फळीवर चढले. बायकांनी कासरे ओढले आणि म्हैस हळूहळू फिरायला लागली. वर पाव्हनं दोन्ही हात पसरून तोल सांभाळत होते. "पाव्हनं, सावकाश. पडला तरी म्हशीवरच पडाल. म्हैस मऊ हाय," ते म्हणत होते.

मी हात घातला. पीळ होता.

पुन्हा लोळवलं. पुन्हा हात घातला. पीळ होता. बायका धापा टाकत होत्या. भिंतीजवळचे एक म्हातारे म्हणाले, "तिसगावला न्यायला पायजे हुती." भाभी म्हशीच्या तोंडाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. त्या कालवडीचे मालकही असेच बोलले नव्हते.

आतली बाई आता ओरडत होती. बाजू चुकली, बाजू चुकली. मी तिला मनातल्या मनात विचारलं, कशावरून? आणि हात काढून घ्यायच्या आधी तिथेच ठेवून नीट पाहिलं. घडी होती. पण पहिल्यांदा चार बोटंच जात होती, आता तळहात जात होता.

"घडी सैल झालीय," मी मोठ्याने म्हटलं. "पीळ आहे, पण पहिल्यापेक्षा सैल आहे. म्हणजे बाजू बरोबर आहे. आणखी एकदा."

"ऐकलं का गं," शाळेतल्या बाई म्हणाल्या, "सैल झालंय. धरा."

तिसऱ्यांदा लोळवताना मध्येच माझ्या कपड्यांवर पाण्याचा लोंढा आला. मी हात घातला तो कोपरापर्यंत सरळ गेला, आणि बोटांना दोन ओले खूर लागले. पुढचं मला नीट क्रमाने आठवत नाही. दोऱ्या बांधल्या, म्हशीने कळ दिली की ओढलं, थांबलो, ओढलं. रेडकू बाहेर आलं तेव्हा निपचित होतं. पाव्हन्यांनी त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला, नाकपुडीत काडी घातली आणि छाती खसाखसा चोळली. रेडकू शिंकलं.

भाभीने त्याचा मागचा पाय उचलून पाहिला. "या अल्ला," ती म्हणाली, "एवढं करून टोनगाच." आणि त्या टोणग्याच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडू लागली. पाय सोडल्यावर म्हैस उठून उभी राहिली आणि दोघांनाही चाटू लागली.

परतताना मोटारसायकल पाव्हनं चालवत होते. फाट्याजवळ आल्यावर मान अर्धी वळवून म्हणाले, "मॅडम, आता 'मागल्या बुधवारी जमलं' म्हनाया म्हशीच्या बाबतीत एक तरी बुधवार तुमच्याकडं झाला." शाबासकी म्हणून एवढंच. मला ती पुष्कळ झाली.

त्यानंतर मी धीट झाले, असं मी सांगणार नाही. पुढेही माझे हात कापले, पुढेही जनावरं गेली. पण आतली बाई बोलायला लागली की मी तिला पुरावा मागायला शिकले. कधी कधी तिच्याकडे असतो. तेव्हा मी तिचं ऐकते आणि तिसगावला फोन लावते.

पाव्हनं माझ्यासमोरच निवृत्त झाले. लिंबाखाली मांडव घातला, गणपती मंडळाकडून माईक आणि स्पीकर आणला. तालुक्याचे साहेब आले. ऊसतोडीचा हंगाम संपून गाव परतलेलं होतं, त्यामुळे गर्दी चांगली होती. पहिल्या रांगेत एक बारीकशी बाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती. ही पाव्हन्यांची बायको, असं मला कळलं. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिकडे पारनेरच्या बाजूला त्यांची कोरडवाहू जमीन होती आणि ती जमीन, सासू-सासरे, पोरींची लग्नं हे सगळं तिने एकटीने केलं. पाव्हनं नोकरीची सगळी वर्षं दवाखान्यामागच्या खोलीत एकटे राहिले. सणावाराला घरी जात आणि दुसऱ्या दिवशी परत येत.

साहेबांनी शाल दिली, नारळ दिला. सरपंच बोलले. मी बोलले. मग पाव्हन्यांना माईकपुढे उभं केलं. चार माणसांपुढे भाषण करायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. ते उभे राहिले. लोक थांबले. ते उभेच राहिले. मागून कुणीतरी "बोला पाव्हनं" म्हणालं. त्यांनी मान खाली घातली आणि नेहमीच्या हळू आवाजात स्वतःशी बोलायला सुरुवात केली. माईक चालू होता, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं.

"पाव्हनं, उभं ऱ्हायलाय. पाय ठीक हायती. समोरची मानसं वळखीची हायती. नोकरी झाली. जी जनावरं वाचली ती मोजली न्हाईत. गेली ती ध्यानात हायती. बास, एवढंच हाय." ते थांबले. आता संपलं असं वाटून साहेबांनी टाळ्यांसाठी हात उचलले. पण पाव्हन्यांचं झालं नव्हतं. "खरं सांगा पाव्हनं. पैलं पैलं बोलाया लागला, ते धीर यावा म्हनून न्हवतं. खोलीत कुनी न्हवतं म्हनून हुतं. आता खोली सोडायची. घरी कारभारीन हाय. तिच्याशी बोलायला लागंल. रोज लागंल. ते जमंल का? मागं कवा जमलं हुतं, असं सांगाया पुरावा न्हाई."

स्पीकर गावाच्या चारी बाजूंना लावलेले होते, त्यामुळे हे सगळ्या गावाने ऐकलं.

पहिल्या रांगेतली बाई उठून उभी राहिली. तिच्यापुढे माईक नव्हता, पण तिला त्याची गरज पडली नाही.

"जमंल," ती म्हणाली. "न जमायला काय झालं? मी हाय की तितं."

पाव्हन्यांनी मान वर केली. आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. हे नेमकं कुणाला म्हटलं गेलं, ते त्यांना कळत नसावं. त्यांना असं दुसरं कुणी म्हणायची सवय नव्हती.

तिने पुढे येऊन त्यांच्या हातातला नारळ घेतला, शाल घडी करून पिशवीत टाकली आणि "चला, साडेचारची गाडी हाय" म्हणाली. साहेबांचं समारोपाचं भाषण राहून गेलं. मी दोघांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले. ती पुढे, ते मागे. रस्ताभर ती बोलत होती. विहिरीची मोटर जळाली ते, थोरलीच्या सासरचं, शेजारच्याने बांध कोरला ते. पाव्हनं ऐकत होते. गाडी सुटेपर्यंत त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एवढा वेळ सलग गप्प असलेले मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.